विश्लेषण : कर्मचाऱ्यांना जपणे हा खर्च की गुंतवणूक? नागपूरच्या एम्प्रेस मिलचा दाखला काय सांगतो?

कर्मचाऱ्यांना चांगली वागणूक देणे हा कंपनीच्या चांगुलपणाचा भाग असतो की धंद्याच्या हिशेबाचा? कामाचे तास, कंत्राटी भरती आणि सुरक्षेवरून सुरू असलेल्या वादात हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. याचे एक उत्तर नागपुरात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका कापड गिरणीत मिळाले होते. त्या गिरणीत पहिल्याच वर्षी संप झाला, रोज पाचातला एक कामगार गैरहजर राहत होता, आणि तरीही पुढे ती देशातील नावाजलेल्या गिरण्यांपैकी एक ठरली. हे कसे घडले आणि आजच्या कंपन्यांनी त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

चर्चा पुन्हा का सुरू झाली?

इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे विधान गाजले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. त्यात तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यात आली, मात्र त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली गेली. पाठोपाठ नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या.

या सगळ्या चर्चेत एक गृहीतक दडलेले असते. कर्मचाऱ्याला दिलेली सवलत म्हणजे मालकाच्या खिशातून गेलेला पैसा, आणि कर्मचाऱ्याकडून काढलेला जादा तास म्हणजे मालकाचा नफा. एम्प्रेस मिलचा इतिहास नेमका या गृहीतकालाच धक्का देतो.

एम्प्रेस मिल नागपुरात का आली?

त्या काळी कापड गिरणी म्हटले की मुंबई, असे समीकरण होते. जमशेटजी टाटांनी वेगळा विचार केला. विदर्भ आणि वऱ्हाडचा कापूस नागपूरच्या उंबरठ्यावर होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली होती. १८७४ मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. शुक्रवारी तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढून तिथे गिरणी उभी राहिली.

ही भर घालताना एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवण्यास नकार दिला होता, असा किस्सा टाटांच्या चरित्रांत येतो. जो माणूस जमिनीत सोने पुरतो त्याला पैसे कोण देणार, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्यानेच कबूल केले की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोने बाहेर काढले.

१ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस मिल. व्यवस्थापक म्हणून बेझनजी मेहता यांना नेमले गेले. ते रेल्वेच्या मालवाहतूक विभागातून आलेले होते आणि कापड धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. माणसे आणि काम यांची सांगड घालण्याचे कौशल्य मात्र होते. नागपूरच्या बेझनबाग भागाचे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे.

पहिल्याच वर्षी संप कसा झाला?

टाटा म्हटले की कामगारहिताच्या योजना आठवतात. म्हणून एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मजुरीच्या दरावरून तिथल्या विणकरांनी काम बंद केले. भारतातील कामगार चळवळीच्या इतिहासात सर्वांत आधी नोंदल्या गेलेल्या संपांमध्ये याचा उल्लेख होतो.

म्हणजे एम्प्रेस मिल सुरुवातीपासून आदर्श नव्हती. सुरुवातीला स्वस्तातली यंत्रे बसवली गेली होती, माल हवा तसा निघत नव्हता आणि मजुरीवर कामगार नाराज होते. मोठा खर्च यंत्रे बदलण्याचा आहे, असे व्यवस्थापनाला प्रथम वाटले आणि त्यांनी चांगली यंत्रे आणली. पण उत्तम यंत्रापुढे रोज माणूस उभा राहिला नाही, तर त्या यंत्राचा उपयोग काय? हा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता.

वीस टक्के गैरहजेरीवर कोणता उपाय निघाला?

नागपूरच्या गिरणीत नेहमीच्या दिवशी जेमतेम ८० टक्के कामगार हजर असत. त्या काळातील गिरण्यांमध्ये आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे मोठ्या संख्येने असत. पेरणी, कापणी, लग्नसराई, जत्रा, आजारपण अशा कारणांनी गावाची ओढ सुटत नसे. भोंग्यावर चालणारे आयुष्य त्यांच्यासाठी नवे होते.

अशा वेळी मालकाकडे नेहमीचे हत्यार असते दंडाचे. एक दिवस बुडाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, उशिरा आला की दार बंद करायचे. जमशेटजींनी ही वाट सोडली. १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. १८९५ मध्ये अपघातात जखमी होणाऱ्या कामगाराला भरपाई देण्याची तजवीज झाली. खेळांचे दिवस आणि कुटुंबासह मेळावे होऊ लागले. तिथे घड्याळ, सोन्याची साखळी किंवा रोख रक्कम अशी बक्षिसे दिली जात. हळूहळू हजेरी सुधारली आणि कामाकडे पाहण्याची वृत्तीही बदलली.

या तारखांचे महत्त्व कायद्याच्या तारखांशेजारी ठेवल्यावर कळते. कामगार नुकसानभरपाई कायदा देशात १९२३ मध्ये आला, म्हणजे २८ वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, म्हणजे ६६ वर्षांनी. सरकारने भाग पाडले म्हणून नव्हे, तर गिरणी चालवायची होती म्हणून ही पावले उचलली गेली.

१८९५ मध्ये गिरणीच्या विस्ताराच्या प्रसंगी जमशेटजींनी हे स्पष्टच सांगितले होते. आपण इतरांहून अधिक उदार किंवा परोपकारी असल्याचा आपला दावा नाही. भागधारकांचे हित हे आपलेच हित मानणे आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा भरभराटीचा पाया समजणे, ही सरळ व्यवहाराची तत्त्वे आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

यात मालकाचा हिशेब नेमका कोणता?

समजा, एका कारखान्यात १०० यंत्रे आहेत आणि रोज २० माणसे येत नाहीत. २० यंत्रे बंद राहिली तरी बॉयलरचा कोळसा जळतोच, कर्जाचे व्याज सुरूच असते, पर्यवेक्षकाचा पगार द्यावाच लागतो. ८० यंत्रांच्या मालावर १०० यंत्रांचा खर्च बसतो. रिकाम्या यंत्रावर नवखा माणूस बसवला, तर सूत तुटते, कापडात दोष राहतात, अपघाताचा धोका वाढतो. ही किंमत जमाखर्चाच्या वहीत ‘वाईट वागणूक’ या नावाने कधीच लिहिली जात नाही. ती कोळसा, दुरुस्ती, परत आलेला माल अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरलेली असते. म्हणून ती दिसत नाही.

निवृत्तिवेतन निधी नेमका इथे काम करतो. टिकून राहिल्यास म्हातारपणी हाती रक्कम येते. नोकरी सोडण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. यात कामगाराला बांधून ठेवण्याचा हेतू नव्हता असे म्हणता येणार नाही. पण दोरीने बांधणे आणि फायद्याने बांधणे यांत फरक आहे.

आणखी एक उदाहरण खास नागपूरचे आहे. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कापसाचे सूत ठिसूळ होऊन वारंवार तुटते. एम्प्रेस मिलने हवेत ओलावा राखणारी यंत्रणा आणि आग लागल्यास आपोआप पाणी फवारणारी व्यवस्था देशात फार लवकर बसवली. आग विझवण्याच्या व्यवस्थेने इमारत वाचते आणि माणसेही वाचतात. सुतासाठी केलेल्या सोयीमुळे कामाची जागाही सुसह्य होऊ शकते. ‘कामगारांसाठीचा खर्च’ आणि ‘उत्पादनासाठीचा खर्च’ अशी रेघ ओढायला गेले, तर ती कुठे ओढायची, हेच कळत नाही.

इतरत्र असा अनुभव आला का?

अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या मोटार कारखान्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९१३ मध्ये फिरत्या पट्ट्यावरचे काम सुरू झाले आणि कामगार कंटाळून सोडून जाऊ लागले. त्या वर्षी नोकरी सोडण्याचे प्रमाण ३७० टक्के होते. सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी ५० हजारांहून अधिक माणसे भरावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाचा मोबदला साधारण दुप्पट करून ५ डॉलरवर नेला आणि कामाची पाळी ९ वरून ८ तासांची केली. १९१५ पर्यंत नोकरी सोडण्याचे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. खर्च कमी करण्याच्या आपल्या सर्वांत चांगल्या उपायांपैकी हा एक ठरला, असे फोर्ड पुढे म्हणत.

मात्र याच फोर्ड कंपनीने कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, पैसे कसे खर्च करतो, हे तपासणारा स्वतंत्र विभागही नेमला होता. पगार चांगला, पण घरात डोकावणारी नजर. चांगली वागणूक म्हणजे नुसता पगार नव्हे, हेही याच उदाहरणातून दिसते.

महाराष्ट्रात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. कारखान्याबरोबर त्यांनी घरे उभी केली. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या माणसांवरही विश्वास टाकून त्यांना राखणीचे काम दिले. आडरानात कुशल माणसे टिकवायची, तर आधी गाव वसवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

ऐकून न घेतल्यास काय होते?

याची दुसरी बाजू मुंबईत दिसली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वेतनवाढ आणि बोनस हे मुद्दे होतेच. पण वर्षानुवर्षे ‘बदली’ म्हणून राबणाऱ्या आणि कायम न होणाऱ्या कामगारांचा प्रश्न त्याहून खोल होता. शिवाय १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटना एकच होती. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला, तरी मालकांशी बोलणी तिनेच करायची, अशी व्यवस्था होती. तक्रार पोहोचवण्याची वाट बंद झाली आणि साचलेला असंतोष एकदम फुटला. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने कधीच सुरू झाल्या नाहीत. हजारो कुटुंबांची वाताहत झाली.

गिरण्या बुडण्याची कारणे अनेक होती. जुनी यंत्रे, यंत्रमागाची स्पर्धा, जमिनीचे वाढते भाव. पण संवाद तुटलेल्या कारखान्यात या संकटांना एकत्र तोंड देण्याची ताकद उरली नव्हती, एवढे नक्की.

मग एम्प्रेस मिल तरी का टिकली नाही?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. १९८६ मध्ये टाटांनी एम्प्रेस मिलमधून अंग काढून घेतले. गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जमिनीवर आज एम्प्रेस सिटी मॉल उभा आहे.

यावरून कामगारांना जपून काही उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एखादी कंपनी शंभराहून अधिक वर्षे चालते, हेच मोठे यश असते. शिवाय चांगली वागणूक हा नव्या यंत्रांना, नव्या बाजाराला किंवा योग्य वेळी केलेल्या गुंतवणुकीला पर्याय नाही. कापूस, कोळसा, रेल्वे आणि चांगली यंत्रे नसती, तर १८८६ चा निधीही गिरणीला वाचवू शकला नसता.

दुसरे असे की, त्या काळच्या गिरणीला आजच्या मोजपट्टीने आदर्श म्हणता येणार नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त बालकामगारांचे तास ठरवले. प्रौढ पुरुषांसाठी कापड गिरण्यांत दिवसाला १२ तासांची मर्यादा यायला १९११ उजाडले. पुढे १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४८ मध्ये ९ तास अशी ती खाली आली. हे तास कमी होण्यामागे कामगारांचा रेटाही होता, नुसती मालकांची सद्भावना नव्हे. टाटांच्याच जमशेदपूरला १९१२ मध्ये आठ तासांची पाळी आली, तरी १९२० आणि १९२८ मध्ये तिथे मोठे संप झालेच. मालक चांगला असला, तरी कामगाराला स्वतःचा आवाज लागतोच.

आजच्या नागपूरसाठी याचा अर्थ काय?

आज नागपूरचे कामगार हिंगणा, बुटीबोरी आणि मिहानमध्ये जातात. अनेक ठिकाणी मूळ कंपनी एक, पगार देणारा कंत्राटदार दुसरा आणि हुकूम सोडणारा तिसरा, अशी स्थिती असते. शिकलेली मुले पुणे, हैदराबाद, बंगळूरुची गाडी पकडतात. ‘इथे माणसे टिकत नाहीत’ ही उद्योजकांची तक्रार जुनीच आहे. १८७७ च्या नागपूरबद्दलही जवळपास तेच म्हटले जात होते.

सर्वांत गंभीर प्रश्न सुरक्षेचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगाव, जून २०२४ मध्ये धामना आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याजवळील जवाहरनगर, अशा नागपूर परिसरातील स्फोटकांच्या तीन कारखान्यांत झालेल्या स्फोटांत कामगारांचे प्राण गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर मदतीची रक्कम जाहीर होते. पण कर्मचाऱ्याशी वागणूक कशी आहे, याची पहिली कसोटी भरपाई नव्हे, तो संध्याकाळी धडधाकट घरी पोहोचतो की नाही, ही आहे.

१२ तासांच्या पाळीकडेही याच नजरेने पाहायला हवे. दमलेल्या माणसाच्या शेवटच्या दोन तासांत माल किती निघतो आणि चुका किती होतात, हे मोजल्याशिवाय जादा तास फायद्याचे आहेत असे म्हणता येत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तर नाहीच. आणि कामगाराची लेखी संमती ही खरोखर संमती आहे की नोकरी जाईल या भीतीने केलेली सही, हेही तपासावे लागेल.

मोबाइलवरून मागवलेले जेवण भर उन्हात दारी आणणारा मुलगा तर अजून ‘कर्मचारी’ या व्याख्येतही पूर्ण बसत नाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची दखल घेतली आहे. प्रत्यक्षात त्यांच्या हाती काय पडते, यावर तिचे मोल ठरेल.

कंपन्यांनी सुरुवात कुठून करावी?

त्यासाठी मोठ्या सल्लागाराची गरज नाही. तीन आकडे दर महिन्याला व्यवस्थापनाच्या टेबलावर यायला हवेत. किती माणसे गैरहजर होती, किती सोडून गेली आणि किती जणांना इजा झाली. विक्रीचा आकडा घसरला की बैठका होतात, तशाच हे आकडे वाढले की व्हायला हव्यात. त्यानंतर ‘माणसे आळशी आहेत’ हे उत्तर बाजूला ठेवून ती का येत नाहीत, का जातात, हे त्यांनाच विचारावे. पगार वेळेवर होतो का, भविष्य निर्वाह निधीची रक्कम खरोखर खात्यात जमा होते का, कंत्राटदाराच्या माणसालाही हेल्मेट आणि थंड पाणी मिळते का, तक्रार केल्यावर नोकरी शाबूत राहते का? एवढ्या साध्या प्रश्नांची उत्तरे बरेच काही सांगून जातात.

एम्प्रेस मिलच्या मालकांनी ८० टक्के हजेरीचा आकडा पाहिला तेव्हा त्यांच्यापुढे दोन अर्थ होते. एक, नागपूरचा कामगार कामचुकार आहे. दुसरा, त्याने रोज यावे असे आपल्या गिरणीत अजून काही नाही. पहिला अर्थ सोपा होता आणि त्यावर दंडाचा उपाय तयार होता. त्यांनी दुसरा निवडला आणि गिरणीला त्याची फळे अनेक दशके मिळाली. हीच निवड आज हिंगण्यातील छोट्या कारखानदारापासून मिहानमधील मोठ्या कंपनीपर्यंत प्रत्येकापुढे आहे.